डावीकडून तिसरी



फोटोबद्दल रेडिओवर बोलायचं ठरलं, तेव्हा घरच्यांनी माझी यथेच्छ थट्टा केली. बासुंदीची चव पत्रानं कळवण्यासारखंच आहे हे. पण नंतर वाटलं, बरंच झालं. फोटो समोर आला की आपण तो बघतच नाही, त्यात स्वतःला शोधतो. डोळे मिटलेले नाहीत ना, पदर नीट आहे ना, पोट दिसतंय का, एवढं तपासलं की फोटो पुढच्याच्या हातात. आज मी तुम्हाला काहीच दाखवू शकत नाही. तेव्हा ते काम तुमच्याकडे.

उठा आणि घरातला एक जुना फोटो घेऊन या. बाहेरच्या खोलीत भिंतीवर असेल, नाहीतर माळ्यावरच्या ट्रंकेत. एकाच घरातली पाच-सहा माणसं तरी त्यात हवीत. मी थांबतो.

आणलात? आता एखादं पोस्टकार्ड घ्या आणि फोटोतले चेहरे झाकून टाका. फक्त हात बघा.

पणजोबांच्या काळातला फोटो असेल, तर पुरुषांचे हात मांडीवर पालथे, शिक्का मारल्यासारखे ठेवलेले असतात. ते फोटोग्राफरनं सांगितलेले हात. पण जरा शोधलंत, तर त्याच फोटोत एखादा न सांगितलेला हात सापडतो. आमच्या घरी असा एक फोटो आहे. माझे आजोबा त्यात दोन वर्षांचे आहेत, अंगात जरीचा डगला, डोक्यावर टोपी. आणि मागं उभ्या असलेल्या एका बाईनं त्यांचा दंड इतका घट्ट धरलाय की डगल्याला चुण्या पडल्यात. तेव्हा काचेच्या निगेटिव्हवर फोटो निघायचे. स्टुडिओत वरून काचेच्या छपरातून येणारा उजेड, तो पुरेसा पडेपर्यंत सेकंद, दोन सेकंद हलायचं नाही. त्याही आधीच्या काळात तर आणखी वेळ, म्हणून मोठ्यांच्या मानेमागं लोखंडी टेकू लावत. दोन वर्षांच्या पोराला कसला टेकू लावणार? त्या बाईचा हात हाच टेकू. तरी आजोबा हललेच. त्यांच्या उजव्या पायाच्या जागी नुसतं धुकं आहे.

जुन्या फोटोत कुणी हसत का नाही, याचं निम्मं उत्तर इथंच मिळतं. हसू दोन सेकंद धरून ठेवून बघा, दात विचकल्यासारखं होतं. उरलेलं निम्मं असं, की फोटो काढून घेणं म्हणजे तेव्हा तैलचित्र काढून घेण्यासारखी गोष्ट होती. त्यात कोण हसणार?

एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत तर गंमतच होती. बाळाला मांडीवर घेतलेल्या आईवर चक्क कापड टाकायचे, खुर्चीवर आच्छादन असावं तसं, आणि बाळाचा एकट्याचा फोटो काढायचे. आज ते फोटो बघताना बाळाआधी त्या कापडाखालचे खांदे दिसतात.

आता पोस्टकार्ड काढा, पण चेहऱ्यांकडे लगेच जाऊ नका. माणसांच्या मधली जागा बघा. कोण कुणाला टेकलंय, कुणाच्या मध्ये चार बोटं मोकळी आहेत, खुर्चीवर कोण, सतरंजीवर कोण, मागं उभं कोण. जुन्या घरांत पुरुष खुर्चीत आणि बायका मागं उभ्या. पुढं कधीतरी नवराबायको शेजारी शेजारी दोन खुर्च्यांत बसू लागले. तुमच्या घरातल्या फोटोंत ते कोणत्या पिढीत झालं, हे एकदा शोधा. घराचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नसतो, पण खुर्च्यांनी ठेवलेला असतो.

मी फोटोग्राफीचा धंदा शिकलो तो साताऱ्यात, एका मास्तरांच्या हाताखाली. पासपोर्ट फोटोंवर दुकानाचं भाडं निघायचं आणि मास्तरांचा जीव फॅमिली फोटोत. त्यांची एक विचित्र सवय होती. कुटुंब आलं की ते उगाच लेन्स पुसत बसायचे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मला वाटायचं, म्हातारपण आलंय. नंतर कळलं, ते बघत असायचे, की न सांगता कोण कुणाशेजारी जाऊन उभं राहतंय. मग त्याच रचनेत ते फक्त उंची सारखी करायचे. कुणाला पाटावर उभं करायचे, कुणाला स्टुलावर बसवायचे. जागा बदलायचे नाहीत.

एकदा दोन भाऊ आले, बायकापोरांसह, आईला घेऊन. आईला मधे बसवलं आणि भाऊ गेले दोन टोकांना. नुकत्याच वाटण्या झाल्या असाव्यात. मी पुढं होऊन थोरल्याला आत सरकवायला लागलो, तर मास्तरांनी डोळ्यांनीच मला थांबवलं. नंतर म्हणाले, "त्यांना जवळ आणायचं काम आपलं नाही. आपण फोटोवाले." प्रिंट न्यायला थोरला आला तेव्हा कुरकुरला, "मास्तर, आम्ही एवढं लांब लांब का?" मास्तर पावती फाडत म्हणाले, "तुम्हीच उभे होतात, दादा."

हे मला पटायला दहा वर्षं लागली. तोवर मी सगळ्यांना एकमेकांच्या गळ्यात हात घालायला लावत होतो.

थोडं कारागिरीबद्दल, कारण ती कळली की फोटो बघण्यातली मजा वाढते. बोरन्हाणाचा फोटो घ्या. वर्षाच्या आतलं-बाहेरचं बाळ, अंगावर काळं झबलं, त्यावर हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने. दिसायला सुंदर, काढायला महाकठीण. काळं कापड बघून कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो, आणि हलव्याचा काटा न् काटा पांढऱ्या डागात विरून जातो. उजेड कमी केला की झबल्याचं नुसतं भोक. चांगल्या फोटोत हलव्याचे काटे मोजता येतात आणि काळ्या कापडावरची चुणीही दिसते. त्यात बाळाच्या डोक्यावर बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतले जात असतात आणि बाळ एकतर भोकाड पसरतं, नाहीतर बोर तोंडात घालतं. खिडकीकडे तोंड करून पाट मांडणं, एवढं एकच आपल्या हातात.

लग्नाच्या मांडवात वेगळी गोची. छताला गुलाबी कापड असेल तर सगळं वऱ्हाड गुलाबी दिसतं, हिरवं असेल तर नवरी आजारी. जाणता फोटोग्राफर घरच्यांना मांडवाच्या कडेला, मोकळ्या आभाळाजवळ नेतो. वाडा असेल तर प्रश्नच नाही, ओसरीसारखा उजेड जगात नाही. वर छप्पर, समोर उघडा चौक, आणि चेहऱ्यावर मऊ, एका बाजूनं येणारा प्रकाश. मोबाइलवाल्यांसाठी एक बिनपैशाचा सल्ला : जवळ उभं राहून सगळ्यांना फोटोत कोंबू नका, टोकाची माणसं आडवी ताणली जातात. चार पावलं मागं जा. टोकाला उभ्या असलेल्या मावशी तुम्हाला दुवा देतील.

डोळे मिटण्याचं काय? पूर्वी आग्फा क्लिक थ्रीच्या रोलमध्ये मोजून १२ फोटो निघायचे, त्यात कुणाचे डोळे मिटले तर मिटले, तसाच तो फ्रेम होऊन भिंतीवर जायचा. ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी याचं गणित मांडलं आणि २००६ साली त्यांना चक्क गमतीचं 'इग नोबेल' मिळालं. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर संख्येला तीननं भागा, तेवढे फोटो काढा. उजेड वाईट असेल तर दोननं भागा. मी वापरून पाहिलंय, चालतं. फक्त एक आजोबा असे होते की त्यांनी गणिताला दाद दिली नाही.

आता या धंद्यात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी. बरेच जण माझ्याकडे येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, कॅमेरा कुठला घेऊ? मी विचारतो, गेल्या वर्षी ज्या घरी बारसं केलंस, त्या घरी यंदा गेलास का? कारण फॅमिली फोटोग्राफरची कमाई आणि कला दोन्ही तिथंच आहेत. डोहाळेजेवण, बारसं, बोरन्हाण, मुंज, साखरपुडा, लग्न, आणि नशीब असेल तर आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन. एकच घर तीस वर्षं. पहिल्या खेपेला लोक कॅमेऱ्याकडे बघतात. चौथ्या खेपेला तुमच्याकडे बघायचं विसरतात. तिथून पुढं फोटो निघायला लागतात.

दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी गोध्र्यात फोटोग्राफर होते. धंदा बसला, कॅमेरा माणसाचा जीव ओढून घेतो अशी भीती लोकांना होती, असं सांगतात. पण मला फाळक्यांचं वेगळंच काम आठवतं. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ साली त्यांनी वाटाण्याचं बी कुंडीत पेरलं, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर त्या अंकुराचं थोडं थोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर रोप डोळ्यांदेखत वाढलं. 'अंकुराची वाढ' असंच त्याचं नाव. आमचा धंदा याहून वेगळा नाही, आमच्या कुंडीत नातवंडं असतात एवढंच.

अमेरिकेत निकोलस निक्सन नावाच्या फोटोग्राफरनं १९७५ साली आपली बायको आणि तिच्या तीन बहिणी यांचा एक साधा कृष्णधवल फोटो काढला. मोठा, तिपाईवरचा कॅमेरा, आणि चौघी उभ्या. पुढच्या वर्षी पुन्हा तसाच, त्याच क्रमानं उभं करून. असं ४०हून जास्त वर्षं. त्यात प्रसंग नाही, देखावा नाही, 'हसा' नाही. एकेक फोटो पाहिला तर म्हणाल, यात काय विशेष? पण ओळीनं पाहायला लागलात की पहिल्यांदा तुम्ही सुरकुत्या मोजता आणि मग नकळत हात शोधायला लागता. यंदा कुणाचा हात कुणाच्या खांद्यावर आहे, गेल्या वर्षी तो होता का, मधली जागा वाढली की कमी झाली. चार बायकांच्या घरात काय काय झालं असेल ते कुणी सांगत नाही. ते त्या जागेत असतं.

म्हणून हल्लीचं एक फॅड मला खुपतं. बाळ चार-सहा दिवसांचं, दोन्ही तळहातांवर हनुवटी टेकवून झोपलंय, असा फोटो तुम्ही पाहिला असेल. एवढ्या बाळाची मान कुठून धरणार? ते दोन फोटो जोडलेले असतात. एकात कुणीतरी डोकं धरलेलं, दुसऱ्यात मनगटं, आणि मग संगणकावर ते धरणारे हात पुसून टाकायचे. काही जण तर पुसण्याचं सोडून बाळाला खरोखरच तसं बसवायला जातात. तसं कुणी करत असेल तर त्याच्या हातून बाळ काढून घ्या, अनमान करू नका. आणि हात पुसायचे तरी कशाला? पन्नास वर्षांनी त्या बाळाला स्वतःच्या हनुवटीचं कौतुक असेल, की ती धरणाऱ्या आजीच्या बोटांचं?

पैशांचंही बोललं पाहिजे. "तू तर घरातलाच आहेस" हे वाक्य आमच्या धंद्यात फार महाग पडतं. घरातला होणं हेच तर आमचं कसब, आणि त्याचंच बिल मागताना जीभ अडखळते. माझा उपाय साधा आहे : दर आधी, लेखी. फोटोच्या संख्येवर पैसे घेऊ नका, वेळेवर घ्या. संख्येवर घेतले की माणूस बघायचं सोडून बटण दाबत सुटतो. आणि एक कायदा ध्यानात ठेवा. आपल्याकडच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार केलेला नसेल तर, काढून घेणारा असतो, काढणारा नाही. तेव्हा लोकांच्या पोरांचे आंघोळीचे फोटो आपल्या जाहिरातीत लावण्याआधी त्यांना विचारा. कायदा नसता तरी विचारायला हवं होतं म्हणा.

वेळ संपत आली. तुमच्या हातातला फोटो फ्रेममधून बाहेर निघत असेल तर अलगद काढा आणि उलटा करा. मागं नावं लिहिलीत? नसतील तर आज लिहा. बॉलपेननं नको, दाब पडून ओळी पुढच्या बाजूला उमटतात. मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं. डावीकडून, म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडून, वर्तमानपत्रात छापतात तसं. मागची ओळ, मग पुढची. आडनावं नकोत, घरात हाक मारायचे ती नावं लिहा. आणि घरातलं सगळ्यात थोरलं माणूस दुपारची झोप काढून उठलं की चहाबरोबर हा फोटो त्यांच्यापुढं ठेवा. चष्मा आधी द्या.

मी हे केलं तेव्हा उशीर झाला होता. आमच्या फोटोत पणजी उजव्या टोकाला आहे, म्हणजे आजोबांचा दंड धरणारी ती नव्हे. आत्याला विचारलं. ती बराच वेळ फोटो जवळ-लांब करून बघत राहिली. आधी म्हणाली, पणजोबांची विधवा बहीण असेल. मग म्हणाली, छे, ती तर आधीच गेली, ही कामाला असायची ती असेल. मग म्हणाली, ठाऊक नाही रे. बाकी सगळी नावं मी पेन्सिलीनं लिहिली आहेत. डावीकडून तिसरीच्या जागी नुसती रेघ आहे.