मीठ-साखरेचं पाणी आणि पेशीचं दार



मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंच्या नातवाला जुलाब लागले. आशाताईंनी ओआरएसची एक लिटरची पुडी दिली. आम्हीच शहाणपणा केला, "पोर एवढं कुठं पिणार? पेलाभर पाण्यात कालवा." पोराची तहान वाढली, जुलाबही वाढले. नर्सबाईंनी चूक दाखवली, म्हणून निभावलं. तेव्हा आम्ही ठरवलं, नुसतं काय द्यायचं ते नको, का द्यायचं तेही समजून घ्यायचं.

आपलं शरीर बारीक बारीक पेशींचं बनलेलं आहे. प्रत्येक पेशीभोवती एक पडदा असतो, त्याला पेशीपटल म्हणतात. कागदाच्या जाडीत असे दहा हजार पडदे मावतील, इतका तो पातळ. तो स्निग्ध पदार्थाच्या दोन थरांचा असतो. तेलात मीठ विरघळत नाही, तसंच या थरांतून मीठ-साखर सहज आत जात नाही. त्यासाठी पडद्यात प्रथिनांची दारं असतात. पाणी मात्र जिकडे मीठ-साखर जास्त, तिकडे ओढलं जातं. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं ना, तसंच. आमचा घट्ट घोळ पोटात गेला आणि त्यानं पोराच्या अंगातलंच पाणी आतड्यात ओढलं.

आतड्यातल्या पेशींना एक खास दार आहे. मिठातलं सोडियम आणि साखरेतलं ग्लुकोज जोडीनं आलं, की ते दोघांना आत घेतं. त्यांच्यामागून पाणीही आत जातं. जुलाबात पाणी बाहेर वाहत असलं, तरी हे दार बहुतेक वेळा चालू असतं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला. सलाइन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पाजून कितीतरी जीव वाचवले.

म्हणून माप मोडू नका. पुडीवर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच घ्या, उकळून गार केलेलं. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. घोट घोट पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग पुन्हा द्या. उरलेलं चोवीस तासांनी टाकून द्या. अंगावरचं दूध, जेवण बंद करू नका. आशाताईंनी दिलेल्या झिंकच्या गोळ्या चौदा दिवस पूर्ण करा. मूल मलूल झालं, डोळे खोल गेले, पाणीही पिईना किंवा शौचातून रक्त पडलं, तर वाट न बघता दवाखाना गाठा.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या घरचा चमचा आणि बाटली घेऊन या. माप एकत्रच करून बघू.