पडशीत मावेल तेवढं

(नाशिक, पंचवटी येथील सप्ताहातील कीर्तनाचं निरूपण)



ज्येष्ठात त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथ महाराजांची पालखी निघते. तीन आठवड्यांच्या वर चालून पंढरीला पोहोचते. इथं बसलेल्यांपैकी वारीला कोण कोण गेलंय? हात वर करा. बरं. माउली, तुम्ही सांगा, पडशीत काय काय होतं? दोन लुगडी, पांघरूण, ताट, तांब्या, हरिपाठाची पोथी आणि गुडघ्याच्या गोळ्या. एवढ्यावर इतके दिवस काढलेत. काही अडलं? नाही म्हणतात. मग घरी कपाटाचं दार ढकलून का लावावं लागतं?

आजचं निरूपण त्या दाराचं आहे.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. त्यात एक कुरर पक्षी आहे. घारीसारखा शिकारी. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा होता आणि ज्यांना काही मिळालं नव्हतं असे बलवान पक्षी त्याच्यावर तुटून पडले. पिसं उडाली, रक्त आलं. त्यानं तुकडा टाकला, तशी मारामारी थांबली. अवधूत म्हणतात, मी त्याच्याकडून शिकलो.

आता तुम्ही म्हणाल, महाराज, पक्ष्याला काय, त्याला पोरीचं लग्न करायचं नसतं. खरं आहे. म्हणून सातव्या स्कंधात बघा. तिथं नारद महर्षी युधिष्ठिराला गृहस्थाचा धर्म सांगतात. पोट भरायला लागतं तेवढं आपलं. त्याच्या पुढच्यावर जो हक्क सांगतो तो चोर, शिक्षेला पात्र. शब्द नारदांचा आहे बरं का, रागवायचं तर त्यांच्यावर रागवा! आणि हे ते सांगतात कोणाला? राजाला.

पूर्वी बाजार वारानं भरायचा. आपल्या गोदाघाटावर बुधवारी भरतो तसा. सहा दिवस माणूस बाजारापासून सुटलेला असे. आता बाजार खिशात आहे. रात्री अकरा वाजता, हरिपाठ बाजूला राहतो आणि बोट काचेवर फिरतं. एकावर एक फुकट. पैसे आता नकोत, हप्त्यानं द्या. हप्ता हा गोड शब्द आहे. त्याचं जुनं नाव कर्ज.

या कर्जावर गाडगेबाबांइतकं कोणी बोललं नाही. १८७६ सालचा जन्म, अमरावतीकडचे. लहानपण मामांच्या घरी गेलं, आणि त्या मामांचं शेत सावकाराच्या हिशेबात गेलेलं देबूनं डोळ्यांनी पाहिलं. म्हणून बाबा कीर्तनात सावकाराला जितके झोडत, तितकेच ऋण काढून सण करणाऱ्यालाही झोडत. १९०५ साली घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात खराटा, जवळ एक गाडगं. लोक गोधडेबुवा म्हणायचे. त्याच बाबांनी लोकांच्या पैशातून पंढरपूर, आळंदी, देहू आणि आपल्या नाशकात धर्मशाळा उभ्या केल्या. कंजूष माणसाच्या हातून हे होतं का? स्वतःकडे काही अडकलं नाही, म्हणून एवढं पुढं गेलं.

तुम्ही चिंध्या नेसा असं मी म्हणणार नाही, मलाही जमलेलं नाही. पण निफाड-दिंडोरीकडं कीर्तनाला जातो तेव्हा बघतो. द्राक्षाला भाव नाही, कांदा सडतोय, आणि मांडव मात्र शेजाऱ्यापेक्षा मोठा हवा. जेवणारे हात धुऊन जातात, व्याज बापाजवळ राहतं. त्या मांडवात मंगलाष्टकं म्हणताना पाहुण्यांकडं बघवत नाही, बापाकडं तर नाहीच नाही.

एक उपाय सांगतो, करून बघा. या एकादशीला वस्तू हवीशी वाटली, तर पुढच्या एकादशीपर्यंत थांबा. पंधरा दिवस. औषध आणि पोरांची पुस्तकं याला अपवाद. बाकी बहुतेक गोष्टी द्वादशीलाच विसरतात. पंधरा दिवसांनीही हवी असेल तर घ्या, खुशाल घ्या, पण टिकेल अशी घ्या. आपलं नाशिक तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. आजीचा हंडा आईनं वापरला, कल्हई करून सुनेनं वापरला, चेपला तर ठोकून घेतला, आणि मोडीत घातला तरी पैसे आले. आजची प्लॅस्टिकची बादली फुटली की कोण घेतो?

ती शेवटी कुठं जाते माहीत आहे? रामकुंडावर स्नान झालं की काहीजण जुनं धोतर तिथंच सोडतात, फुलं पिशवीसकट सोडतात आणि हात जोडतात. नदी ते पोटात ठेवत नाही. इथून ती खाली नांदूर मधमेश्वराला जाते, तिथं पाखरं उतरतात. तिथून पुढं पैठणला, एकनाथ महाराजांच्या गावाला. आपली पिशवी नाथांच्या दारी पाठवायची का? फुलं वाहा, पिशवी घडी करून कनवटीला लावा, उद्या पुन्हा चालेल.

आता महाप्रसाद आहे. पत्रावळी पळसाच्या आहेत, पण पाण्याला यंदा प्लॅस्टिकचे ग्लास आणलेले नाहीत. मंडळींना मीच तशी विनंती केली होती. ज्यांनी तांब्या आणलाय त्यांनी पुढं बसा. ज्यांनी आणला नाही, त्यांनी शेजारच्याचा मागून घ्या, पाणी प्या, धुऊन परत करा. विठ्ठल विठ्ठल.