गाडी दोन इंच उचलून द्या!

पाऊस तोंडावर आला की आमच्या गॅरेजात एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘मिस्तरी, गाडी दोन इंच उचलून द्या.’ गॅरेज अकोले तालुक्यातलं. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला पाऊस कसा कोसळतो, ते मी सांगायला नको. तिथल्या वाड्यांवरून दूध गोळा करणाऱ्या पिकअप म्हणजे मागच्या दोन चाकांना ओढ असलेल्या गाड्या. चारही चाकं ओढणारी गाडी परवडत नाही, मग निदान उंची तरी वाढवू, असा हिशेब असतो. पोटाचा प्रश्न आहे, म्हणून मी त्याला हसत नाही.

पण उचलतं काय, ते पाहू. मागच्या पाट्यांच्या जुडग्यात एक जादा पाटा घातला, किंवा पाटे आणि अॅक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा बसवला, की चासी आणि हौदा वर जातो. अॅक्सल मात्र चाकांना धरून असतो. त्याच्या मधोमध डिफरन्शियलचा जो गोळा असतो, तो होता तिथंच राहतो. आणि ओढ्यातला धोंडा आधी लागतो तो बहुधा त्या गोळ्यालाच! गोळा वर न्यायचा तर टायर मोठं हवं. तेही दोन इंचांनी मोठं घातलं तर गोळा एकच इंच वर येतो. शिवाय घाट चढताना ओढ कमी पडते आणि काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो.

चिखलात चाक जागेवर फिरतं, त्यालाही उंची हे औषध नाही. रिकाम्या पिकअपचं वजन पुढे असतं आणि ओढ मागे. जुने ड्रायव्हर हौद्यात मागच्या चाकांवर वाळूची चार पोती टाकतात, ते उगीच नाही.

मला खरी भीती वाटते ती ब्रेकची. अनेक पिकअपमध्ये मागच्या अॅक्सलपासून चासीवरच्या एका व्हॉल्व्हला दांडी जोडलेली असते. माल भरला की हौदा खाली बसतो, दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त जोर मिळतो. गाडी उचलली आणि दांडी तशीच ठेवली, तर भरलेली गाडीही व्हॉल्व्हला रिकामी वाटते. उतारावर कॅन भरलेले, मागे दोन माणसं बसलेली आणि मागचा ब्रेक अर्धामुर्धा. ठोकळा ठोकून देणारे ती दांडी बघतसुद्धा नाहीत. त्याशिवाय ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो, जॉइंट शाफ्टचा कोन वाढून क्रॉस लवकर जातात आणि हेडलाइट खाली वाकतात ते वेगळंच.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या, कंपनीच्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग मी काय करतो? आधी गाडी सपाट जागी उभी करून टेप लावतो. पाच-सहा वर्षं माल वाहिलेल्या गाडीचे पाटे बसलेले असतात, एखादा तुटलेलाही निघतो. कंपनीच्या मापाचे नवे पाटे, नवे बुश आणि नवे यू-बोल्ट घातले की गेलेली उंची परत मिळते. जुने यू-बोल्ट पुन्हा वापरायचे नाहीत. एकदा ताणले गेले की ते तसे धरत नाहीत. ‘पण दोन टन जास्त भरता येईल असं करा,’ असं कोणी म्हटलं, तर मी सरळ दुसरं गॅरेज बघायला सांगतो. पाटा वाढवला म्हणून अॅक्सल, ब्रेक आणि टायर काही वाढत नाहीत.

आणि हो, पाटे बदलून गाडी नेलीत, तर शंभर-दोनशे किलोमीटर झाल्यावर परत आणा. पाटे जागेवर बसले की यू-बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. त्याचे पैसे मी घेत नाही.