गोळी राखून ठेवू नका



पत्रिकेवर विषय आहे ‘मेंदूचा ऱ्हास आणि नवे उपचार’. नव्याकडे येईनच. पण पार्किन्सनच्या रुग्णांच्या घरी मला जुन्याच गोळीची धास्ती दिसते, म्हणून आधी लेव्होडोपाबद्दल, म्हणजे मेंदूत जाऊन डोपामिन बनणाऱ्या औषधाबद्दल बोलतो. या आजारात डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात, हे आपण वाचलेलं आहे. तिथे थांबत नाही.

या गोळीच्या गोष्टीतला एक धागा आपल्या मुंबईचा. सर्पगंधेनं रक्तदाब उतरतो, हे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडलं आणि जगाचं लक्ष त्या मुळीकडे वळलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं. ते घेणाऱ्या काही रुग्णांचं अंग पार्किन्सनसारखं ताठरायचं. स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन टोचलं. ससे निपचित, कान पडलेले. मग लेव्होडोपा टोचलं, आणि कान उभे! (हशा) हसा जरूर, पण 1957 सालच्या त्या सशांनी वाट दाखवली: दोष डोपामिनच्या तुटवड्यात असावा. 1960 मध्ये व्हिएन्नात एहरिंगर आणि हॉर्निकिविझ यांनी मृत रुग्णांचे मेंदू तपासले, तर डोपामिन खरंच आटलेलं. 1967 मध्ये अमेरिकेत कोट्झियास यांनी तोंडावाटे डोस हळूहळू चढवत नेला आणि जखडलेली माणसं हिंडूफिरू लागली.

आणि आज घरोघरी काय ऐकतो? “आत्ताच सुरू केली, तर पुढे लागू पडणार नाही.” आजोबांना शर्टाची बटणं लावता येत नाहीत, आणि गोळी राखून ठेवलेली!

मागच्या रांगेत माझे डॉक्टर मित्र मान हलवताहेत. गोळीनं पुढे अंग वेडंवाकडं हलतं, हाच ना आक्षेप? हलतं. मोठ्या डोसानं अधिक हलतं. म्हणून डोस बेताचाच हवा. पण घानातल्या रुग्णांना ही गोळी इटलीतल्यांपेक्षा उशिरा मिळाली, तरी हा त्रास आजाराच्या साधारण त्याच वर्षी सुरू झाला. 2014 चा अभ्यास आहे. उशीर करून त्यांच्या पदरात काय पडलं?

बरं, घेतली तर वेळ पाळा. रक्तातलं तिचं प्रमाण दीडेक तासात निम्मं होतं. डाळ, दूध, अंडी यांतली प्रथिनं तिच्या शोषणाच्या आड येतात. जेवणाआधी अर्धा तास घेतलेली बरी. रुग्ण इस्पितळात असेल, तर तिथेही घरच्याच वेळा सांभाळायचा आग्रह धरा.

(घंटा) पाचच मिनिटं? मग नव्या उपचारांचं झरझर सांगतो. पेशींत अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या होतात. त्या अडवणाऱ्या प्रतिपिंडांच्या चाचण्या चालू आहेत. क्योटोत मूळपेशींपासून बनवलेल्या पेशी 7 रुग्णांच्या मेंदूत सोडल्या. दोन वर्षांत गंभीर दुष्परिणाम दिसला नाही, काहींच्या हालचाली सुधारल्या. 2025 मध्ये हे प्रसिद्ध झालं. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण ते सर्वांच्या हाती यायला वेळ लागेल, आणि गोळी आज औषधाच्या दुकानात आहे.

एक चिठ्ठी आली आहे: खाजकुहिलीच्या बियांची पूड चालेल का? त्या बियांत लेव्होडोपा आहे, हे खरं. मद्रासला 1937 मध्येच ते वेगळं काढलं होतं. पण दर बीत प्रमाण निराळं. गोळी चालू असताना मनानं पूड घेऊ नका. घेतच असाल, तर डॉक्टरांपासून लपवू नका. डोस त्यावरच ठरतो.