एक डोळा झाकून पाहा



मी डॉक्टर नाही. मॅट्रिक शिकलेला शाळामास्तर. हेडमास्तर म्हणून निवृत्त झालो. तरी आज डोळ्यांविषयी बोलणार आहे, कारण डोळ्यांच्या बाबतीत माझ्या हातून दोन चुका झाल्या.

पहिली चूक शाळेतली. तिसरीत एक पोरगा होता. फळ्यावरचं नेहमी चुकीचं उतरवून घ्यायचा. मी त्याला दोनदा छडी मारली. पुढे शाळेत डोळे तपासायला डॉक्टर आले, तेव्हा कळले की पोराला लांबचे दिसतच नव्हते! चष्मा लागला आणि त्याचे गणित सुधारले. मी मारलेली छडी मात्र मला परत घेता आली नाही. तुमचे मूल वही नाकाशी धरत असेल, डोळे बारीक करून बघत असेल, तर रागावू नका. त्याचे डोळे तपासून घ्या. मूल तिरळे असेल तरी तसेच करा. लहानपणीच उपचार झाले तर नजर वाचते.

दुसरी चूक घरातली. ती मोठी.

आईला कमी दिसू लागले. वय झालेले. आम्ही म्हटले, मोतीबिंदू असेल. शेजारी म्हणाले, "पिकू द्या, मग काढा." दोन वर्षे थांबलो. आई उंबऱ्याला ठेचकाळायची. बाजूने कोणी आले तर तिला दिसायचे नाही. समोरचे माणूस ओळखायची, म्हणून आम्ही निर्धास्त. शेवटी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी डोळ्यांतला दाब मोजला, आतली नस पाहिली आणि म्हणाले, "हा काचबिंदू आहे. फार उशीर केलात."

या दोन रोगांची नावे सारखी, पण रोग अगदी वेगळे. डोळ्यात बाहुलीच्या मागे एक भिंग असते. वयाबरोबर ते गढूळ होते. धुरकट काचेतून पाहावे तसे दिसते. तो मोतीबिंदू. तो थेंबांनी जात नाही. डॉक्टर गढूळ भिंग काढून नवे बसवतात, आणि डोळ्यात दुसरा दोष नसेल तर नजर परत येते. तो पिकण्याची वाट पाहायची रीत जुनी झाली. आता उलट फार पिकला तर काढणे अवघड जाते.

काचबिंदूत डोळ्यामागची नस सुकत जाते. बहुधा आतला दाब वाढल्यामुळे. बहुतेकांचे काही दुखत नाही. आधी कडेची नजर जाते, म्हणून घरच्यांना पत्ताच लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली मात्र रोज थेंब घालून राखता येते. आईबापांना काचबिंदू असेल तर मुलांनी तपासून घ्यावे. मी दर वर्षी जातो. कधी हा रोग एकदम उठतो. डोळा लाल होतो, डोके फुटेल असे दुखते, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडे दिसते. असे झाले तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच निघा.

आता इथेच एक काम करा. डावा डोळा तळहाताने झाका. दाबू नका. भिंतीवरची अक्षरे पाहा. मग उजवा झाका. दोन्हींनी सारखे दिसले का? एका डोळ्याचे काम दुसरा डोळा सांभाळून नेतो. म्हणून एक डोळा अधू झालेला पुष्कळ दिवस कळत नाही. काचबिंदू मात्र एवढ्याने सापडत नाही. तो डॉक्टरच शोधतात.

शेतात उसाचे पाते लागते, भाताचे कुसळ जाते. लगेच कोणी दूध घालतो, कोणी मध, कोणी तूप. काही घालू नका. चोळू नका. पात्याबरोबर बुरशी आत जाते, जखम चिघळते, आणि बुबुळावर फूल पडते. औषधाच्या दुकानातून मनानेच थेंब आणणेही वाईट. काही थेंबांनी लाली जाते आणि आत बुरशी बळावते! त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

तंबाखू खाणारांनो, चुन्याची पुडी पोरांच्या हाती लागू देऊ नका. पुडी दाबली की फुटते आणि चुना डोळ्यात उडतो. असे झालेच तर पापणी उघडी धरून, स्वच्छ पाण्याची धार अर्धा तास सोडा. चुन्याचे कण राहिले असतील तर तेही धुऊन काढा. मग डॉक्टर.

डोळे आले तर टॉवेल वेगळा ठेवा, हात धुवा. बहुधा आठपंधरा दिवसांत बरे होतात. पण नजर धूसर झाली, खूप दुखले किंवा उजेड सोसेना, तर थांबू नका. संध्याकाळी मूल अडखळत असेल तर तो रातांधळेपणा असू शकतो. नवव्या महिन्यापासून अ जीवनसत्त्वाचा डोस देतात, तो चुकवू नका. मधुमेह असेल त्याने चांगले दिसत असले तरी दर वर्षी डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते. तपासायला जाताना घरातले जुने थेंब आणि औषधाचे कागद बरोबर घ्या. बाहुली मोठी करायला डॉक्टर थेंब घालतात. मग काही तास धूसर दिसते. म्हणून सोबत एक माणूस न्या, आणि येताना मोटारसायकल त्यालाच चालवू द्या.