धडा आणि फोन



या शाळेची माजी विद्यार्थिनी म्हणून मी लखनौचा अनुभव सांगते. मार्च २०२० मध्ये तेथील शाळांना कुलपे लागली. शासनाने आठवीपर्यंतच्या मुलांना परीक्षेविना वरच्या वर्गात घातले. पुढे ‘मिशन प्रेरणा की ई-पाठशाला’मधून व्हॉट्सअ‍ॅपवर धडे येऊ लागले, परंतु अनेक घरांतला एकुलता एक फोन वडिलांच्या खिशातून कामावर गेलेला असे. मूल संध्याकाळपर्यंत ताटकळे.

महाराष्ट्रात २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली. तिला ना फोन लागे, ना इंटरनेट. उपग्रहाला राज्याची सीमा कुठली? लखनौच्या मराठी घरांतही ही वाहिनी दिसते.

बदलीमुळे परप्रांती गेलेल्या आपल्या मुलांसाठी शाळेने असे मराठी धडे आजही तयार करावेत, ही माझी विनंती.