डॉलर गुणिले पंच्याऐंशी
(१९८६ च्या दहावीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला "अमेरिकेतील जीवन" असा विषय दिलाय आणि वर पंधरा मिनिटंही दिलीत. अख्खी अमेरिका काही मला माहीत नाही. मला पिट्सबर्ग माहीत आहे. १९९७ पासून आम्ही तिथे आहोत आणि तिथल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी रक्त-लघवी तपासण्याचं काम करते. तेव्हा बोलेन ते पिट्सबर्गबद्दल, आणि तेही घरखर्चाबद्दल. कालपासून भेटलेल्या प्रत्येक मैत्रिणीचा पहिला प्रश्न "अगं, किती बदललीस!" हा होता (हा प्रश्न नव्हे, हे मला कळतं), आणि दुसरा "महिन्याला किती सुटतात?" शिवाय आपल्यातल्या तिघांची मुलं येत्या ऑगस्टमध्ये एम.एस.ला निघालीत. त्यातला एक पिट्सबर्गलाच येतोय, आणि त्याच्या वडिलांनी घर तारण ठेवून चाळीस लाखांचं कर्ज काढलंय. म्हणून हिशेब सांगते. बर्फाच्या गप्पा जेवताना मारू.

आधी गावाची ओळख. अलेघेनी आणि मोनोंगाहेला या दोन नद्या शहराच्या मधोमध भेटतात आणि पुढे ओहायो नावाने वाहतात. गाव पोलादाचं. इचलकरंजीत जसा प्रत्येक घराचा मागाशी काही ना काही संबंध होता, तसा तिथे पोलादाशी. आपण दहावी झालो त्याच वर्षी, १९८६ साली, होमस्टेडचा प्रचंड पोलाद कारखाना बंद पडला. आज त्या जागी बाजारपेठ आहे. दुकानं, सिनेमागृह, आणि एका कडेला जुन्या कारखान्याची बारा धुराडी रांगेत उभी. धूर नाही. १९५० मध्ये शहराची वस्ती पावणेसात लाख होती, २०२० मध्ये तीन लाखांच्या आसपास उरली. आता शहर चालतं ते दवाखान्यांवर आणि विद्यापीठांवर. यंत्रमागाचा खडखडाट थांबलेल्या गल्लीत ज्यांनी दुपार काढलीय, त्यांना मी याहून जास्त समजावत नाही.

माणसं गेली, घरं उरली. म्हणून तिथे घर परवडतं. सॅन फ्रान्सिस्कोत दहा लाख डॉलरलाही साधं घर मिळायची मारामार, पण पिट्सबर्गमध्ये दोन-अडीच लाखांत जुनं विटांचं तीन खोल्यांचं घर अजून मिळतं. मात्र घर घेतलं की तीन जण दरवर्षी हात पसरून उभे राहतात: जिल्हा, नगरपालिका आणि शाळांचं मंडळ. तिघांचा मिळून घरपट्टीचा आमचा आकडा महिन्याला चारशे डॉलरच्या वर जातो. कर्ज फिटलं तरी हा फिटत नाही. पगारावर केंद्राचा कर वेगळा, राज्याचा ३.०७ टक्के वेगळा, आणि शहराच्या हद्दीत राहात असाल तर आणखी ३ टक्के. या शेवटच्या तीन टक्क्यांपायी कित्येक लोक हद्दीबाहेर राहायला जातात. दुकानात ७ टक्के विक्रीकर लागतो, पण किराणा आणि बहुतेक कपड्यांवर लागत नाही, ही त्या राज्याची चांगली गोष्ट.

आता तुमचा गुणाकार. डॉलर पंच्याऐंशीच्या वर गेलाय, पण आपण पंच्याऐंशीच धरू. तुम्ही माझा पगार पंच्याऐंशीने गुणता आणि मी श्रीमंत होते. मी दूध पंच्याऐंशीने गुणते आणि मला चहा गोड लागत नाही. त्यापेक्षा माझी पद्धत सांगते. कर वगैरे कापून माझ्या हातात तासाला साधारण चोवीस डॉलर पडतात. मी प्रत्येक गोष्ट माझ्या तासांत मोजते. गॅलनभर, म्हणजे पावणेचार लिटर दूध, साडेचार डॉलर. माझी अकरा-बारा मिनिटं. चार पौंड तूरडाळ वीस-पंचवीस मिनिटं. बरी जीन्स दोन तासांच्या आत. आणि नळ गळायला लागला, प्लंबरला बोलावलं, त्याने पाऊण तास काम केलं, की एकशेऐंशी डॉलर. माझा अख्खा दिवस!

हे एकदा ध्यानात आलं की तिथलं रोजचं आयुष्य कळतं. वस्तू स्वस्त आहेत, दुसऱ्याचे हात महाग आहेत. त्यामुळे माझे यजमान, जे इथे असताना फ्यूज बदलायला शेजारच्या काकांना हाक मारायचे, ते आता फरशी बसवतात. भिंती आम्ही रंगवतो, केस घरी कापतो. बर्फ पडला की दारातला रस्ता आपणच उपसायचा, आणि गाडीपुरती जागा मोकळी केली की तिथे घरातली एखादी मोडकी खुर्ची ठेवून द्यायची. ती खुर्ची कोणी हलवत नाही. कायद्यात हे कुठे लिहिलेलं नाही, पण एस.टी.त खिडकीतून टाकलेल्या रुमालाइतकाच त्याचा मान!

शाळा बारावीपर्यंत मोफत, आणि ग्रंथालयही. ओकलंड भागात अँड्र्यू कार्नेगीने बांधलेलं, १८९५ साली उघडलेलं मुख्य ग्रंथालय आहे. दारावर दगडात कोरलंय की हे लोकांसाठी मोफत. माझी दोन्ही मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथेच वाढली. पण शाळेत जाण्याआधीची वर्षं? पाळणाघर महिन्याला हजार-बाराशे डॉलरच्या खाली भेटत नाही. पुन्हा तेच, हात. दुसरं मूल झाल्यावर मी पाच वर्षं नोकरी सोडली, कारण पगार सगळा पाळणाघरात जात होता. पेन हिल्सला टेकडीवर व्यंकटेश्वराचं देऊळ आहे, १९७६ सालचं. त्या वर्षांत दर रविवारी तिथे जायचो. देव आहेच, पण चिंचभात तयार मिळायचा आणि मला एक वेळ स्वयंपाक नसायचा, हे खरं कारण.

दवाखान्याचं सांगितल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. मी स्वतः रुग्णालयात काम करते, विमाही आहे. तरी यजमानांना मुतखड्याचा त्रास झाला तेव्हा रात्री इमर्जन्सीत काढलेल्या पाच तासांचं बिल नऊ हजार डॉलर आलं. विमा असला तरी दरवर्षी ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च आधी आपला, त्याला डिडक्टिबल म्हणतात. ते धरून आमच्या वाट्याला तेवीसशे आले. त्यात एका तपासणीचे पैसे दोनदा लावलेले. ते काढून घ्यायला मला सहा महिने फोन करावे लागले. नोकरीसोबत विमा येतो, म्हणून लोक नको असलेली नोकरी सोडत नाहीत. माझ्या शेजारच्या टेबलावरची बाई केवळ विम्यासाठी सदुसष्टाव्या वर्षापर्यंत काम करत राहिली, कारण नवरा तिच्याहून धाकटा. पासष्टनंतर सरकारी मेडिकेअर तिला होतं, त्याला नव्हतं.

आणि मेडिकेअर असलं तरी ते डॉक्टरचं बिल भरतं. म्हातारपणी अंघोळ घालायला, भरवायला, रात्री उठवायला रोज माणूस लागतो त्याचं भरत नाही. अशा बाईचे तासाला तीस डॉलरच्या वर पडतात. माझ्या तासापेक्षा तिचा तास महाग. आमच्या शेजारी पोलाद कामगाराची विधवा राहायची, जिन्यावरून पडेपर्यंत एकटी. मग घर विकलं आणि वृद्धाश्रमात गेली. महिन्याला साडेपाच हजार. चाळीस वर्षांत फेडलेलं घर चार वर्षांत संपलं. त्यानंतर गरिबांसाठीची सरकारी योजना लागू झाली आणि खोली बदलली.

माझ्या सासूबाई इथेच राहिल्या, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे. लोक विचारायचे, नेत का नाही? ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय मेडिकेअर विकतसुद्धा मिळत नाही, त्या वयात खाजगी विमा आवाक्याबाहेर, आणि आम्ही दोघं दिवसभर बाहेर. अकरा वर्षं त्यांचं सगळं जाऊबाईंनी केलं. आम्ही दरमहा पैसे पाठवले. जाऊबाई आज सभागृहात आहेत. त्यांच्या अकरा वर्षांचे तास मी एकदा तीस डॉलरने मांडायला घेतले होते, आणि पुरे न करता कागद मिटवून ठेवला.

आता मुलांचं. फी सोडून, घर तिघा-चौघांत घेतलं तर भाड्याचा वाटा सात-आठशे डॉलर, किराणा तीनशे, वीज-गॅस-फोन दीडशे, विद्यापीठाचा सक्तीचा विमा वेगळा. महिना चौदा-पंधराशे धराच. पिट आणि कार्नेगी मेलनच्या विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर बस फुकट, एरवी पावणेतीन डॉलर तिकीट आहे. त्यामुळे गाडी घेऊ देऊ नका. विमा, दरवर्षीची सक्तीची तपासणी आणि बर्फातलं मीठ गाडीला आणि खिशाला सारखंच खातं. सत्र चालू असताना विद्यापीठात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, पण ते मिळेलच असं धरून बजेट करू नका.

आणि कर्ज. चाळीस लाख, अकरा टक्के, दहा वर्षं: हप्ता साधारण ५५ हजार. तिथे नोकरी लागली तर हे साडेसहाशे डॉलर, दोन खोल्यांच्या भाड्याहून कमी. सहज फिटतील. पण व्हिसा नाही मिळाला आणि मुलगा पुण्याला साठ हजारांवर लागला, तर उरतील पाच. हा गुणाकार एकाच बाजूने करून कर्ज काढू नका. ज्यांनी काढलंय त्यांनी परत यायची वेळ आली तर पहिली दोन वर्षं हप्ता कोण भरणार, हे आज घरात बसून ठरवा, मुलासमोर. त्याला ते तिथे गेल्यावर फोनवर कळता कामा नये.

आम्ही स्वतः निवृत्तीनंतर कुठे राहणार, हेही तुम्ही विचारलंत. अजून दहा वर्षं आहेत. पिट्सबर्गचं घर आहे, पण त्याला रस्त्यावरून चढायला तेवीस पायऱ्या आहेत. यजमान म्हणतात कठडा बसवू. स्वतःच बसवतील.

बाकी ज्यांची मुलं निघालीत त्यांनी जेवणानंतर मला भेटा. जाड कोट इथून विकत घेऊ नका, इथला कोट तिथल्या जानेवारीला पुरत नाही. प्रेशर कुकर मात्र द्या. आणि दोन शिट्ट्या जास्तीच्या.